मोठी मोटर लावली म्हणून चामडं शिवलं जात नाही

‘वॉकिंग फूट मशीनला (ज्याचा दाबणारा पाय, म्हणजे फूट, चामड्यासोबत पुढे सरकतो त्या शिलाई मशीनला) मोठी मोटर लावा, मग कितीही जाड चामडं शिवा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतोही, कारण मशीन अडलं की ताकदच कमी पडल्यासारखी वाटते.

खरं तर जोर हवा असतो तो हळू चालताना, आणि क्लच मोटरचा (सतत वेगात फिरणाऱ्या, पायाने दाबलं की मशीनला जोडल्या जाणाऱ्या मोटरचा) जोर वेगात असतो. म्हणून जाणकार मोटर आणि मशीनच्या मध्ये लहान-मोठ्या पुलींची जोडी बसवतात. वेग एक तृतीयांश केला, की घर्षणात जाणारा भाग सोडता सुईमागचा जोर तिप्पट होतो. मोटर तीच! मात्र फूट जेवढा उचलला जातो, त्याहून जाड थर त्याखाली मावणारच नाही.

पडताळायचं असेल तर मोटर बंद ठेवून चामड्याच्या तुकड्यावर चाक हाताने फिरवा. सुई आरपार जाऊनही टाका सुटत असेल, तर आधी सुई-दोऱ्याची जोडी बघा. १३८ नंबरच्या जाड दोऱ्याला साधारण २२-२३ नंबरची, चामड्यासाठीची धारदार टोकाची सुई लागते. ओवलेला दोरा ताणून तिरपा धरा. सुई त्यावरून सहज घसरायला हवी. टाका ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, फार बारीक टाक्यांनी चामडं भोकांच्या रेषेवर फाटतं.