सॉलेममधलं ‘सर्व’

मागच्या आठवड्यात भाची दादरला आमच्याकडे विवाह नोंदणीचा अर्ज भरत बसली होती. एका ओळीवर तिचं पेन थांबलं. “मामा, सॉलेम म्हणजे गंभीर ना? मग लग्न ‘सॉलेम्नाइज’ झालं म्हणजे काय, गंभीर झालं?”

डिक्शनरी तिच्या बाजूनं आहे, शब्दाचा इतिहास नाही. सॉलेम आला लॅटिन ‘सोलेम्निस’वरून. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीनं होणारा धर्मविधी तो सोलेम्निस. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे: यथासांग. एकही अंग गाळायचं नाही. चेहऱ्यावरचं गांभीर्य त्या अर्थाला नंतर चिकटलं.

त्यातला पहिला तुकडा ‘सोल्लुस’, म्हणजे अख्खा. (पुढच्या तुकड्यात ‘आन्नुस’, म्हणजे वर्ष, दडलंय असं जुने लोक सांगत, आजच्या अभ्यासकांना ते पटत नाही.) हा सोल्लुस आपल्या ‘सर्व’चा नातलग आहे, आणि ते नातं ज्या रीतीनं सिद्ध होतं ती मला फार आवडते.

संस्कृत, लॅटिन, ग्रीक या सगळ्यांची आई, म्हणजे मूळ भारत-युरोपीय भाषा, तिच्यातल्या ‘ल’चा संस्कृतात पुष्कळदा ‘र’ झाला. लॅटिनमध्ये ‘लूक्स’ म्हणजे प्रकाश, संस्कृतात ‘रुच्’ म्हणजे चमकणं. सोडून दिलेलं ते लॅटिनमध्ये ‘रेलिक्तुस’. त्यातला ‘रे’ हा उपसर्ग काढा आणि उरलेलं ‘लिक्तुस’ आपल्या ‘रिक्त’शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणून बघा. ‘ल’च्या जागी ‘र’, ‘इ’ जिथल्या तिथं, ‘क्त’ही तसाच. ग्रीकची खोड वेगळी: शब्दाच्या सुरुवातीला स्वरापूर्वीचा ‘स’ तिथं ‘ह’ होतो. सप्त, सेप्टेम, हेप्टा. सर्पाला लॅटिनमध्ये सेर्पेन्स, आणि ग्रीकमध्ये सरपटणारा प्राणी हेर्पेटॉन. आता दोन्ही नियम एकदम लावा: संस्कृत सर्व, लॅटिन साल्वुस (धडधाकट, शाबूत), ग्रीक होलोस (संपूर्ण). होलोग्राममधला ‘होलो’ तो हाच. सोल्लुस हा साल्वुसचाच भाऊबंद.

ध्वनिबदलाचा असाच काटेकोर हिशेब रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी याच मुंबईत, 1877 सालच्या विल्सन व्याख्यानांत, संस्कृतपासून आपल्या बोलीभाषांपर्यंत मांडला होता.

आता ‘अलायन्स’. रविवारच्या इंग्रजी पेपरात स्थळांच्या जाहिरातींत ‘अलायन्स इन्व्हायटेड’ असतं आणि पहिल्या पानावर पक्षांचं अलायन्स. दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘लिगारे’, बांधणं. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हाच राजघराण्यांमधली सोयरीक हा त्याचा एक अर्थ होता. क्रिकेटची लीग आणि गुडघ्याचं लिगामेंट याच घरचे. कोअलिशन मात्र वेगळं, त्याच्या मुळाशी ‘एकत्र वाढणं’ आहे.

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की लिगारे आपल्या ‘लग्न’वरून आला. ऐकायला गोड, पण हिशेबात बसत नाही. लिक्तुसच्या ‘इ’समोर रिक्तचा ‘इ’ उभा आहे. लिगारेच्या ‘इ’समोर लग्नात ‘अ’ आहे. नुसतं दिसण्यावरून नातं ठरवायचं, तर रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण चुलतभाऊ ठरेल. आणि सर्व-साल्वुसचं नातं खरं असलं तरी लॅटिन काही संस्कृतच्या पोटी जन्मली नाही. त्या बहिणी आहेत. आईनं लिहून ठेवलेला एक शब्दही उरलेला नाही, ती लेकींवरूनच ओळखावी लागते.

भाचीला मी 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 काढून दाखवलं. विवाह रूढीप्रमाणे विधी करून ‘सॉलेम्नाइज’ व्हावा, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच तो ‘कम्प्लीट अँड बाइंडिंग’ होतो. कम्प्लीट म्हणजे आपला सोल्लुस, बाइंडिंग म्हणजे लिगारे. शिवाय इंग्रजी ‘बाइंड’ आणि आपला ‘बंध’ खरोखरच एका मुळाचे.

तिनं रकान्यात सप्तपदीच्या दिवसाची तारीख लिहिली.