संगणकावर बुद्धिबळ शिकणे व खेळणे

बुद्धिबळाचा पट, प्रतिस्पर्धी, जुन्या डावांचा संग्रह आणि चुका दाखवणारा जाणकार, हे सारे एकाच पडद्यावर आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने हा खेळ शिकण्याची व खेळण्याची पद्धत. या सॉफ्टवेअरचा गाभा म्हणजे चाली शोधून त्यांचे मोल ठरवणारा प्रोग्रॅम. खेळाडू त्याला ‘इंजिन’ म्हणतात. पडद्यावर दिसणारा पट हा त्याहून वेगळा भाग असतो. २००० साली आलेल्या यूसीआय या संकेतपद्धतीमुळे ती पाळणारे कोणतेही इंजिन तशा कोणत्याही पटाला जोडता येते. डाव पीजीएन या साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवले जातात, त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये खेळलेला डाव दुसऱ्यात सहज उघडतो.

यंत्राने बुद्धिबळ खेळण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. स्पॅनिश अभियंता लिओनार्दो तोरेस केवेदो याने १९१२ मध्ये विजेवर चालणारे एक यंत्र बनवले. राजा आणि हत्ती घेऊन ते समोरच्या एकट्या राजावर मात करी. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने तर संगणक हाताशी नसताना नियम कागदावर मांडले आणि १९५२ मध्ये स्वतःच आकडेमोड करत त्या नियमांनुसार एक पूर्ण डाव खेळला. तो डाव कागदी यंत्र हरले. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला सहा डावांच्या सामन्यात ३.५–२.५ असे हरवले. आज खिशातल्या फोनवरचे इंजिनही कोणत्याही माणसापेक्षा सरस खेळते. म्हणून ‘यंत्राला हरवता येईल का’ हा प्रश्न संपला आहे आणि ‘यंत्राकडून शिकायचे कसे’ हा खरा प्रश्न उरला आहे.

त्यासाठी यंत्र चाल कशी निवडते हे थोडे समजून घ्यावे लागते. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात आणि काळ्यालाही तितक्याच; म्हणजे दोघांची एकेक चाल होताच ४०० शक्यता तयार होतात. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० च्या आपल्या निबंधात संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी मोठी असल्याचा अंदाज मांडला होता. सगळे तपासणे अशक्य, म्हणून इंजिन छाटणी करते. एखाद्या चालीला एक जरी सणसणीत उत्तर सापडले, तर ती चाल किती वाईट आहे हे मोजत बसायचे कारण उरत नाही. ती फांदीच सोडून दिली जाते. उरलेल्या फांद्यांच्या टोकाशी जी स्थिती येते तिला गुण दिले जातात. पूर्वी हे गुण माणसांनी ठरवलेल्या नियमांवरून निघत: प्यादे १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९, शिवाय राजाची सुरक्षितता, मोकळ्या रांगा वगैरे. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमने केवळ नियम जाणून, स्वतःशीच खेळून हे मोजमाप शिकून दाखवले. स्टॉकफिश या मुक्त इंजिनानेही २०२० मध्ये न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारी गणिती रचना, स्वीकारले. त्याने घेतलेला नेटवर्कचा हा खास प्रकार मूळ शोगी या जपानी खेळाच्या इंजिनांसाठी तयार झाला होता.

पडद्यावर दिसणारा ‘+०.८’ सारखा आकडा हे या मोजमापाचेच फळ. पांढऱ्याची बाजू साधारण पाऊण प्याद्याने वरचढ आहे, असे तो ढोबळमानाने सांगतो. शिकणाऱ्याचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. तो आकडा पुढच्या दहाबारा चाली अचूक खेळल्या जातील असे धरून आलेला असतो. इंजिनाला सोपी वाटणारी वाट माणसासाठी तारेवरची कसरत असू शकते, आणि ‘०.०’ दिसणाऱ्या स्थितीत एका बाजूला प्रत्येक वेळी एकमेव बरोबर चाल शोधावी लागत असेल, तर माणसांच्या डावात ती समान स्थिती नव्हेच.

एक नेहमीचा प्रसंग पाहू. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो, काळाही तेच करतो. पांढऱ्याचा उंट सी-४ वर (अक्षर उभा स्तंभ दाखवते, आकडा आडवी ओळ) येतो, काळा वजिराकडचा घोडा सी-६ वर काढतो. मग पांढरा वजीर थेट एच-५ वर येऊन बसतो. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा नवशिका विचार करतो, वजीर एवढा पुढे आलाय तर हुसकावू त्याला, आणि दुसरा घोडा एफ-६ वर आणतो. वजीर एफ-७ वरचे प्यादे मारतो. मागून उंटाचा जोर असल्याने राजाला वजीर घेता येत नाही, पळायला घर नाही. मात.

डाव संपल्यावर सॉफ्टवेअर घोड्याच्या चालीपुढे दोन प्रश्नचिन्हे लावते, ‘घोडचूक’ असा शिक्का मारते आणि प्यादे जी-६ वर सरकवायला हवे होते असे दाखवते. हे अगदी खरे आहे: ते प्यादे वजिराची वाटही अडवते आणि त्याला हुसकावतेही. पण शिकणाऱ्याने फक्त ‘जी-६’ पाठ केले तर पुढच्या डावात थोडी वेगळी स्थिती येताच तो पुन्हा फसेल. त्याची चूक घोड्याची नव्हती. वजिरावर चाल करून जाण्याचा विचारही वाईट नव्हता. समोरच्याने आत्ताची चाल का केली, हे त्याने स्वतःला विचारले नाही. ही चूक पटावर नसून डोक्यात घडते, आणि तिथवर इंजिनाची नजर पोहोचत नाही. म्हणूनच चांगले प्रशिक्षक सांगतात, की डाव झाल्यावर आधी इंजिन बंद ठेवून आपल्याला काय दिसले, कशाची भीती वाटली, कुठे अडलो हे लिहून काढावे. इंजिन त्यानंतर सुरू करावे. दोन्हींमध्ये जिथे तफावत दिसते, तिथेच शिकण्यासारखे असते. २०२४ मध्ये जगज्जेता झालेला डी. गुकेश सुरुवातीची बरीच वर्षे इंजिनाशिवाय तयारी करत होता, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

सरावासाठी कोडी हा सर्वांत लोकप्रिय प्रकार. सोडवणाऱ्याप्रमाणे कोड्यालाही रेटिंग, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा, असते आणि जमेल तसे अवघड कोडे पुढे येते. दुहेरी हल्ला, पिन (मागच्या मौल्यवान मोहऱ्यामुळे पुढचे मोहरे जखडले जाणे), वजिराचे बलिदान असे नमुने यातून डोळ्यांत बसतात. उणीव एकच: कोडे समोर आले म्हणजे इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेले असते. खऱ्या डावात तशी सूचना कोणी देत नाही.

इंजिनाशी थेट खेळताना त्याची ताकद कमी करावी लागते. सामान्यतः त्याला कमी खोल पाहू दिले जाते किंवा मुद्दाम चुका करायला लावले जाते. अशा प्रतिस्पर्ध्याची खेळी विचित्र भासते; वीस चाली निर्दोष खेळून तो अचानक हत्ती फुकट देतो. माणूस असा चुकत नाही. २०२० मध्ये आलेल्या माया या इंजिनाने वेगळी वाट धरली. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या माणसांच्या लाखो डावांवरून ते ठरावीक रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल याचा अंदाज बांधते. नवशिक्यासाठी हा प्रतिस्पर्धी कितीतरी अधिक उपयोगाचा ठरतो.

डावाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र पूर्ण ताकदीचे यंत्रच उत्तम गुरू. पटावर राजांसह सातपर्यंत मोहरी उरली, की सर्व स्थितींची अचूक उत्तरे कोष्टकांत तयार असतात. तिथे अंदाजाचा प्रश्नच नाही. राजा-हत्ती विरुद्ध राजा ही स्थिती, समोरून कितीही चिवट बचाव झाला तरी, जास्तीत जास्त १६ चालींत संपवता येते. उंट आणि घोडा घेऊन मात करायला ३३ चाली लागू शकतात, आणि ५० चालींचा नियम (तितक्या चालींत काही मारले गेले नाही वा प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते) लक्षात घेता तिथे उधळपट्टी परवडत नाही. अशा स्थिती यंत्रासमोर पुन्हा पुन्हा खेळून पाहणे हा फार खात्रीचा अभ्यास आहे. या कोष्टकांनी जुनी मतेही बदलली: दोन उंट विरुद्ध एक घोडा ही लढत सामान्यतः बरोबरीची मानली जाई, पण १९८० च्या दशकात संगणकतज्ज्ञ केन टॉम्पसन याच्या संगणकीय तपासणीतून ती बहुधा जिंकता येते असे दिसले.

डाव चालू असताना इंजिनाची मदत घेणे ही फसवणूक समजली जाते. समोरासमोरच्या स्पर्धांत खेळाडूला फोन जवळ बाळगता येत नाही; ऑनलाइन संकेतस्थळे खेळाडूच्या चाली इंजिनाच्या चालींशी ताडून पाहतात. याला मोठा अपवाद पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयसीसीएफ, इंजिन वापरू देते. एकेका चालीवर दिवसच्या दिवस घालवणाऱ्या या खेळात दोन्ही बाजूंना यंत्राचा आधार असल्याने वरच्या स्तरावरचे जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात.