धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिका? अर्धेच खरे

अमेरिकेत वसलेले पहिले इंग्रज धर्मस्वातंत्र्यासाठी गेले, ही समजूत अपुरी आहे. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसवले ते नफ्यासाठी काढलेल्या कंपनीने. सोने सापडले नाही, वसाहत तगली ती तंबाखूवर. १६२० च्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरील १०२ प्रवाशांपैकी निम्म्याच्या आसपास लोक धर्मासाठी देश सोडलेले होते खरे, पण उपासनेची मोकळीक त्यांना हॉलंडमधील लायडन शहरात आधीच मिळाली होती; तिथले काबाडकष्ट आणि मुले डच वळणाची होत चालल्याची धास्ती त्यांना अधिक सलत होती. शिवाय भांडवल लंडनच्या व्यापाऱ्यांचे. म्हणूनच पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसे गमावलेल्या त्यांच्या प्लिमथ वसाहतीने १६२१ मध्ये बीव्हर या केसाळ प्राण्याची कातडी आणि लाकूड जहाजात भरून पाठवले (ते वाटेत फ्रेंचांनी लुटले, हा भाग निराळा). पोट भरले ते मक्यावर, आणि बियाण्यापाशी खत म्हणून मासे पुरण्याची युक्ती शिकवली टिस्क्वांटम या स्थानिकाने.