तिळाच्या पोत्यातला गॅस आणि 'कीटकनाशक' या शब्दाचा घोळ : थोडी पार्श्वभूमी

२०२० च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. ग्वाल्हेरच्या दाल बाजारात आमच्या काकांची अडत आहे. भिंड-दतियाकडचा नवा तीळ नुकताच यायला लागला होता. गुजरातच्या प्रोसेसिंगवाल्याचा माणूस पोत्यात परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, खुपसून मूठभर तीळ काढायचा, तळहातावर पसरून रंग बघायचा, दोन दाणे चावायचा, इथवर सगळं नेहमीचंच, पण त्या वर्षी तो पुढे शेतकऱ्याला विचारायला लागला, "दवाई कौन सी डाली थी?" शेतकरी म्हणायचा, काहीच नाही. आणि खरंच काही नसायचं, आमच्याकडचा तीळ पावसावर येतो, त्यावर फवारणीचा खर्च बहुतेक लोक करतच नाहीत. मग हा प्रश्न आला कुठून, ते ना काकांना कळलं ना मला. पुढे वाचून, विचारून जे समजलं ते लिहितोय, कारण एप्रिल २०२४ मध्ये आपले मसाले परदेशात अडवल्याचं प्रकरण झालं तेव्हा पुन्हा तोच शब्द सगळीकडे फिरला, 'कीटकनाशक', आणि पुन्हा बोट शेतकऱ्याकडेच.

ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो एथिलीन ऑक्साइड नावाचा गॅस आहे, व्यापारात त्याला ईटीओ म्हणतात. तो शेतात कुणी मारत नाही, मारताच येत नाही, कारण साधारण ११ अंशांच्या वर तो वायूच असतो. तो वापरतात बंद चेंबरमध्ये, माल पोत्यात भरून झाल्यावर, निर्यातीच्या अगदी शेवटच्या टप्प्याला. हाच गॅस दवाखान्यातल्या सिरिंज आणि कॅथेटर निर्जंतुक करायलाही वापरतात. सुरुवातीला तो गोदामातल्या किडीसाठी आला आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत मसाल्यांतले जंतू मारायला लागला. पण कायद्याच्या यादीत त्याची नोंद जी कीडनाशक म्हणून झाली ती झालीच. आज तिळात तो मारतात ते साल्मोनेलासाठी, म्हणजे जिवाणूसाठी, कीटकाचा काही संबंध नाही, तरी लॅबच्या रिपोर्टात तो 'पेस्टिसाइड रेसिड्यू' याच रकान्यात येतो आणि आपल्या बातम्यांत त्याचं होतं 'कीटकनाशक', मंडीत त्याची होते 'दवाई'. एका रकान्याच्या नावाने चेंबरवाल्याचं काम शेतकऱ्याच्या माथी बसलं, माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय हाच.

आता हा गॅस मारायची वेळ का येते? तीळ खळ्यावर, अंगणात, रस्त्याच्या कडेला वाळतो, वरून पक्षी, खालून पाली, आणि साल्मोनेला कोरड्या मालात महिनोन् महिने जिवंत राहतो. आपण तीळ भाजून खातो, गजक, म्हणजे आमच्याकडची तिळाची चिक्कीसारखी मिठाई, तिच्यासाठी तर चांगला खरपूस भाजतात, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण परदेशात तो ताहिनीत, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या चटणीसारख्या पेस्टमध्ये, हलव्यात, पावाच्या वर जातो. २००१ मध्ये तुर्कस्तानच्या तिळाच्या हलव्यातून ऑस्ट्रेलिया, स्वीडन, नॉर्वेत लोक आजारी पडले होते. म्हणजे साल्मोनेला नको ही घेणाऱ्यांची मागणी काही चुकीची नाही. वाफेने जंतू मारता येतात, पण तिळात तेल असतं, वाफेने ओल धरते, रंग जातो, नंतर खवट वास येण्याची भीती. मसाल्यांना किरणांनी निर्जंतुक करायची सोय आहे, पण युरोपात तसं पाकिटावर छापावं लागतं आणि गिऱ्हाईक बिचकतं. गॅसने रंग राहतो, मूळचा वास राहतो, खर्चही परवडतो. एक नियम पाळायला म्हणून गॅस आला आणि तो दुसऱ्या नियमात अडकला, मूळ गुंता हा आहे.

जुना इतिहास थोडक्यात. अन्नाची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९६३ पासून रोममध्ये बसायला लागली. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार कराराबरोबर अन्नसुरक्षेचा स्वतंत्र करार आला, त्याचं सार एवढंच की प्रत्येक देशाला आपल्या लोकांसाठी जास्त कडक नियम करता येतील, फक्त त्यामागे शास्त्रीय आधार हवा. आपल्याकडे १९५४ चा भेसळीचा कायदा होता, त्याच्या जागी २००६ चा कायदा आला आणि तो प्रत्यक्ष लागू झाला ऑगस्ट २०११ मध्ये. २०१४ ला युरोपने हापूस अडवला तेव्हाही लोकांनी फवारणीला दोष दिला होता, पण ते प्रकरण फळमाशीचं, म्हणजे तिकडच्या पिकांना लागण होऊ नये म्हणून, खाणाऱ्याच्या तब्येतीशी त्याचा संबंध नव्हता.

युरोपने या गॅसचा वापर १९९१ पासूनच बंद केला होता. १९९४ मध्ये तो माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गेला, त्यावर आज वाद नाही. पण सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात तो सापडल्याचा इशारा दिला आणि आकडे होते मर्यादेच्या हजारपटीहून जास्त. ऑक्टोबरच्या अखेरीस युरोपने नियम काढला की भारतातून येणाऱ्या तिळाबरोबर लॅबचा रिपोर्ट आणि सरकारी सर्टिफिकेट हवं, शिवाय तिकडच्या बंदरावर दर दोन मालांतला एक तपासला जाईल. आमच्याकडे तेव्हाच नवं पीक बाजारात. 'दवाई कौन सी' हा प्रश्न तिथून आला होता.

आता ते 'हजारपट' नीट समजून घ्यायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. गॅस स्वतः थोड्या दिवसांत उडून जातो. पण मालात जे क्लोराइड नैसर्गिकपणे असतं त्याच्याशी त्याची क्रिया होऊन २-क्लोरोइथॅनॉल नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो, आणि तो राहतो. युरोपच्या व्याख्येत या दोघांची बेरीज करतात आणि त्या बेरजेलाच 'एथिलीन ऑक्साइड' म्हणतात. म्हणजे रिपोर्टात एथिलीन ऑक्साइड लिहिलेलं असतं आणि पोत्यात बऱ्याचदा तो जवळजवळ नसतोच, असतो त्याचा मागे राहिलेला भाऊ. त्या भावाला ०.५५ ने गुणून बेरजेत धरतात. तिळासाठी मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या पोत्यात हे होतात अडीच मिलिग्रॅम, तिळाचा एक दाणा साधारण तीन मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे अख्ख्या पोत्यात एका दाण्याएवढंही नको. आणि ही मर्यादा 'इतकं खाल्लं तर चालतं' अशा हिशोबाने ठरलेली नाही, लॅबला जेवढं खात्रीने मोजता येतं तिथे ती रेघ ओढलेली आहे.

अमेरिकेत मात्र दोन पदार्थांचे दोन वेगळे आकडे आहेत. तिळात खुद्द गॅस ७ पीपीएम (म्हणजे किलोला ७ मिलिग्रॅम) आणि दुसरा पदार्थ ९४० पीपीएमपर्यंत चालतो. आता एक पोतं डोळ्यासमोर आणा, ज्यात गॅस उरलेला नाही पण २-क्लोरोइथॅनॉल १०० पीपीएम आहे. न्यूयॉर्कला ते सरळ उतरेल, तपासलं तरी पास. रॉटरडॅमला त्याच पोत्याचा हिशोब होईल ५५, आणि ५५ भागिले ०.०५ म्हणजे ११०० पट. तीळ तोच, चेंबर तेच, कागदावर एकीकडे कायदेशीर माल आणि दुसरीकडे हजारपट विष. मी युरोपला खोटं ठरवत नाहीये, कॅन्सर करणारा गॅस खाण्याच्या मालावर मारूच नये असं मलाही मनापासून वाटतं. पण २-क्लोरोइथॅनॉल स्वतः किती घातक यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, आणि पुरेशी माहिती नाही म्हणून त्याला गॅसइतकंच घातक धरा असा तो निर्णय आहे. सावधगिरी म्हणून ते ठीक, पण मग बातमीतही तसंच सांगायला हवं ना.

२०२१ च्या उन्हाळ्यात हाच निर्णय युरोपच्या स्वतःच्या अंगाशी आला. आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात त्या लोकस्ट बीन गमच्या काही मालात गॅसचा अंश निघाला. आइस्क्रीममध्ये तो गम चिमूटभर, तयार मालात गॅस मोजायला गेलं तर सापडेलच असं नाही, तरी ठरलं की सुरक्षित पातळी सांगता येत नसेल तर असा गम घातलेला सगळा माल परत घ्यायचा. तेव्हा तिकडच्या कंपन्यांनीही तेच प्रश्न विचारले जे आपले तीळवाले वर्षभर आधी विचारत होते, फक्त त्यांचं जास्त ऐकू आलं. पुढे २०२२ मध्ये खाद्य अॅडिटिव्हसाठी, म्हणजे गमसारख्या अन्नात मिसळायच्या पदार्थांसाठी, किलोला ०.१ मिलिग्रॅमची वेगळी मर्यादा ठरली.

२०२४ चं मसाल्यांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. याच गॅसमुळे हाँगकाँगने दोन भारतीय ब्रँडच्या चार मसाल्यांची विक्री थांबवली, सिंगापूरने त्यातला एक परत मागवला. पण सिंगापूरच्या नियमात मसाले या गॅसने निर्जंतुक करायला परवानगी आहे, प्रश्न मागे राहिलेल्या प्रमाणाचा होता, हे फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळालं. मे २०२४ पासून त्या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या मसाल्यांची आपल्याकडेच तपासणी सक्तीची झाली आणि भारताने अन्नमानकांच्या त्या आंतरराष्ट्रीय समितीकडे मागणी केली की या गॅससाठी सगळ्यांना लागू होईल अशी एक मर्यादा ठरवा.

दाल बाजारात आता 'ईटीओ फ्री' हा शब्द हमालालाही माहीत आहे. युरोपसाठी माल उचलणारे निम्म्या पोत्यांतून नमुने काढतात, ते एकत्र करून लॅबला पाठवतात आणि रिपोर्ट येईपर्यंत लॉट वेगळा ठेवायला सांगतात. काका आता त्या मालाला जुनं बारदान वापरत नाहीत, आधी त्यात काय भरलं होतं कुणाला ठाऊक, म्हणून नवं कोरंच घेतात. आणि कुणी शेतकऱ्याला 'दवाई'चं विचारलं की गादीवरून उठून स्वतः सांगतात, यांना नका विचारू, जिथे चेंबर आहे तिथे विचारा.