हवा आत जात नाही, की बाहेर येत नाही?

"पंप नको डॉक्टर, सवय लागते. गोळीच द्या." हे वाक्य मी धाप लागणाऱ्या रुग्णांकडून आठवड्यातून अनेकदा ऐकतो. साधा हिशोब बघा. श्वासनळ्या सैल करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत 40 फवाऱ्यांचं औषध, आणि ते रक्तातून अंगभर फिरतं. म्हणूनच हात थरथरतात, धडधडतं. सवय म्हणाल, तर आजार जात नाही म्हणून औषध रोज लागतं, बीपीच्या गोळीसारखं.

हा आजार म्हणजे सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 साली त्याने जगात 32 लाखांहून जास्त माणसं दगावली. विडी-सिगारेट हे मोठं कारण खरंच, पण आपल्याकडे चूलही आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. चाळीस वर्षं गोवऱ्या आणि पऱ्हाट्यांवर भाकरी भाजली, एवढंच.

आजी म्हणतात, "हवा आतच जात नाही." प्रत्यक्षात उलट घडत असतं, आणि मला या आजारातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

फुप्फुसातल्या 2 मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांना कूर्चेचा आधार नसतो. तंबूला चहूबाजूंनी दोर ताणून उभं ठेवावं, तसं भोवतीच्या वायुकोशांच्या लवचीक भिंती त्यांना ताणून उघडं ठेवतात. वर्षानुवर्षांच्या धुराने पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, त्यांच्यातली विकरं या भिंतींतले लवचीक तंतू खातात आणि दोर तुटतात. आता श्वास आत घेताना छाती फुगते, नळ्या उघडतात. सोडताना छातीतला दाब वाढतो आणि नळीच्या आतल्या दाबापेक्षा बाहेरचा दाब वरचढ झाला की नळी मिटते. जोर जितका जास्त, तितकी लवकर मिटते! हवा पलीकडे अडकून पडते.

चालताना श्वास वाढतो, तेव्हा तर हाल. मिनिटाला 15 श्वास असतील तर प्रत्येकाला 4 सेकंद मिळतात. 30 झाले की 2 सेकंद. समजा, 500 मिलिलिटर आत गेली आणि 450च बाहेर आली. दहा श्वासांत अर्धा लिटर साठली. छाती आधीच भरलेली, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा सपाट झालेला; नवीन हवा घ्यायची कुठे?

पंपाचा उपयोग इथे कळतो. हवा भोवऱ्यांशिवाय संथ वाहत असेल तर तिचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या फक्त 10 टक्क्यांनी वाढली की तेवढ्याच दाबाला सुमारे 46 टक्के जास्त हवा जाते. एवढीशी सैल झालेली नळी, पण साठलेली हवा बाहेर पडायला लागते.

मृग लागला की हैदराबादला जिवंत माशातून दम्याचं औषध गिळायला दूरदूरहून लोक जातात. तो मासा जातो पोटात. श्वासनळीशी त्याचा संबंध येत नाही, आणि तेवढ्यासाठी धापा टाकणाऱ्या माणसाला गर्दीत उभं करणं मला क्रूर वाटतं.

निदानासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी, हवी. पंप घेतल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर नळ्या अरुंद आहेत हे नक्की. नुसता एक्स-रे पुरत नाही. पंप स्पेसर, म्हणजे त्याला जोडायची पोकळ नळी, लावून घ्यावा; पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी. फ्लूची लस घ्यावी. तंबाखू आणि धूर बंद, याला पर्याय नाही.

आणि एक बिनपैशाचा उपाय. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सोडायचा. ओठांशी अडथळा आला की नळ्यांच्या आतला दाब टिकतो आणि त्या उशिरा मिटतात. आजींना दाखवलं, तर म्हणाल्या, "हे तर फुंकणीसारखंच!" अगदी बरोबर. हंडा उचलायचा तोही असा फुंकत फुंकतच, श्वास कोंडून नाही. पुढच्या खेपेला त्या एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत आल्या, वाटेत एकदाच टेकल्या.