दक्षिण बोहेमिया: दंतकथा आणि रोझम्बेर्कांचे दफ्तर

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण टोकाला, व्लतावा नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेल्या दक्षिण बोहेमियात, किल्ल्यांच्या भिंतींवर आणि मठांमध्ये पाच पाकळ्यांचा एकच गुलाब पुन्हापुन्हा भेटतो. बदलतो तो फक्त त्याचा रंग. त्याची कथा अशी सांगतात की, प्रचित्सेचा सरदार व्हीतेक याने मुलुखाची वाटणी करताना आपल्या पाच मुलांना एकेका रंगाचा गुलाब दिला. हिरवा क्रुमलोव्हच्या, सोनेरी ह्राडेत्सच्या, पांढरा लान्डश्टेइनच्या, लाल रोझम्बेर्कच्या वाट्याला गेला, आणि अनौरस मुलाला मिळाला काळा. व्हीतेक हा काल्पनिक पुरुष नव्हे. तो बाराव्या शतकात राजदरबारी होता आणि 1194 साली वारला. एका दिवसात झालेली वाटणी मात्र कथेपुरतीच मानावी. भाऊबंदकीने विस्तारत गेलेल्या घराण्याच्या शाखा लोकांच्या लक्षात राहाव्यात, यासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट सापडली नसती.

तेराव्या शतकात या घराण्याचा खरा झगडा राजसत्तेशी होता, आणि या भागाचा नकाशाही त्या झगड्यातून आखला गेला. वोक रोझम्बेर्क याने 1259 साली विश्शी ब्रोद येथे सिस्टर्सियन या कॅथलिक साधूंच्या पंथाचा मठ स्थापला. पुरात वाहून जाताना जीव वाचला म्हणून त्याने हा नवस फेडला, असे सांगतात. चारच वर्षांनी राजा दुसरा प्शेमिस्ल ओताकार याने त्याच पंथाचा दुसरा मठ, आजचा झ्लाता कोरुना, व्लतावेच्याच काठी उभारला आणि 1265 साली चेस्के बुद्येयोव्हित्से हे नगर वसवले. त्या नगराचा प्रशस्त चौरस चौक आणि त्याला काटकोनात मिळणारे रस्ते पाहिले की, ही वस्ती आपोआप वाढलेली नसून सरदारांना शह देण्यासाठी हुकमाने मांडलेली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवा राणीशी विवाह करणारा याच घराण्यातील झाविश 1290 साली ह्लुबोका किल्ल्याखाली शिरच्छेदाने मारला गेला. पुढे 1302 मध्ये क्रुमलोव्हची शाखा खुंटली आणि तिचा वारसा रोझम्बेर्कांकडे आला.

चर्चच्या कारभारावर टीका करणारा धर्मसुधारक यान हुस याचा जन्मही याच मुलखातला, हुसिनेत्स गावचा. 1415 साली कॉन्स्टन्स येथे त्याला जिवंत जाळल्यानंतर जो आगडोंब उसळला, त्याने दक्षिण बोहेमियाचे दोन तुकडे केले. हुसच्या अनुयायांनी 1420 साली काळ्या गुलाबाच्या शाखेचे ऊस्ती हे गाव घेतले, ते स्वतःच जाळले आणि जवळच्या टेकडीवर ताबोर वसवले. बायबलमधील पर्वताचे नाव धारण करणाऱ्या या नगरात येणाऱ्यांनी आपला पैसाअडका चौकातल्या सामाईक पिंपांत टाकावा, अशी सुरुवातीची रीत होती. ती फार टिकली नाही.

त्या काळी कॅथलिक पक्षाचे पुढारपण करणारा दुसरा ओल्ड्रझिख रोझम्बेर्क हा या साऱ्या कथानकातला सर्वांत धूर्त माणूस म्हणावा लागेल. जमिनींवरचे हक्क सिद्ध करण्यासाठी त्याने बनावट सनदा तयार करवल्या. शिवाय आपले घराणे रोमच्या ओर्सिनी कुळातून आल्याचा दावाही त्याच्या काळात पुढे आला. ओर्सिनी या नावात अस्वलाचा अर्थ दडलेला असल्यामुळे क्रुमलोव्हच्या खंदकात अस्वले पाळण्याच्या प्रथेचा संबंध या दाव्याशी जोडतात. वंशावळ खोटी, पण अस्वले खरी, असा हा प्रकार आहे.

याच ओल्ड्रझिखची मुलगी पेर्ख्टा, म्हणजे दंतकथेतली ‘श्वेतवसना’. मृत्युशय्येवरच्या नवऱ्याने मागितलेली क्षमा तिने नाकारली, त्याने शाप दिला, आणि तेव्हापासून ती घराण्याच्या वाड्यांतून फिरते. तिचे हातमोजे पांढरे असले तर शुभवार्ता, काळे असले तर अरिष्ट. यिंद्रशिखूव्ह ह्राडेत्समध्ये तर गरिबांना वाटल्या जाणाऱ्या गोड लापशीची प्रथाही तिच्याच नावावर जमा आहे. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक करतात, तो येथे फार नेमका लागू पडतो, कारण पेर्ख्टाची स्वतःची पत्रे उरली आहेत. 1449 साली मोराव्हियातील यान लिख्टेनश्टाइनशी तिचा विवाह झाला; ठरलेला हुंडा वेळेवर पोचला नाही आणि त्याचा राग सासरच्यांनी तिच्यावर काढला. आपली येथून सुटका करा, अशी विनवणी ती वडिलांना आणि भावांना वर्षानुवर्षे करत राहिली. दंतकथेने शाप देण्याचा मान नवऱ्याला दिला. पत्रे वाचल्यावर त्यात माहेरच्यांचा वाटा किती, हा प्रश्न अधिक बोचतो.

ही पत्रे टिकली ती त्र्शेबोन या गावातल्या घराण्याच्या दफ्तरात. घराण्याचा शेवटचा पुरुष पेत्र वोक याने कर्जापायी 1602 मध्ये क्रुमलोव्ह सम्राट दुसऱ्या रुडॉल्फला विकले आणि आपला बाडबिस्तरा त्र्शेबोनला हलवला. 1611 साली तो निपुत्रिक वारला. क्रुमलोव्ह पुढे एगेनबेर्ग आणि 1719 पासून श्वार्ट्झेनबेर्ग घराण्याकडे गेले. या नगराला 1992 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतर, तेथील जर्मनभाषक रहिवाशांना हाकलून देण्यात आले होते.

त्र्शेबोनभोवतीच्या दलदलीत रोझम्बेर्कांनी मासे पाळण्यासाठी खोदलेली तळी मात्र अजून पाण्याने भरलेली आहेत, आणि नाताळच्या ताटातला कार्प मासा आजही त्यांतूनच निघतो. त्यांपैकी सर्वांत मोठे, सुमारे 489 हेक्टरांचे रोझम्बेर्क तळे 1584 ते 1590 या काळात रोझम्बेर्कांचा कारभारी याकुब क्रचीन याने बांधले. त्याने शेतकऱ्यांकडून वेठीने इतके काम करून घेतले की, लोकांनी त्याचा हिशोब गोष्टीतून चुकता केला: क्रचीनने सैतानाशी करार केला होता, आणि त्याची शिक्षा म्हणून तो वादळी रात्री आपल्याच बंधाऱ्यावर नांगर ओढत असतो. 2002 सालच्या महापुरात तो बंधारा फुटला नाही.