प्रॉडक्ट बॅकलॉग

प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पुढे करायच्या सगळ्या कामांची एकच, क्रमाने लावलेली यादी. नवी सुविधा, बगची दुरुस्ती, जुन्या कोडची डागडुजी, एखादी तांत्रिक शंका तपासणे, सारे तिच्यातच येते. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये जाहीरपणे मांडलेल्या स्क्रम या अजाइल (छोट्या टप्प्यांत काम करून बदल सामावून घेणाऱ्या) पद्धतीत टीम स्प्रिंटचे काम या यादीतूनच उचलते. स्प्रिंट म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा; तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. उत्पादन वापरात असेपर्यंत यादी पुरी होत नाही. ती बदलत राहते.

कामांवर ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असे शिक्के मारले म्हणजे क्रम लागला असे होत नाही. निम्म्या यादीवर ‘हाय’ असेल तर सोमवारी सकाळी आधी काय हातात घ्यायचे, हे टीमला कळणार कसे? स्क्रम गाइड ही स्क्रमची अधिकृत नियमपुस्तिका २०११ च्या आवृत्तीपासून क्रमच मागते: पहिल्या जागी एक काम, दुसऱ्या जागी एक. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये सुचवलेली मॉस्को ही वर्गवारी (हवेच, असावे, असले तर बरे, या वेळी नको) सुरुवातीच्या चाळणीसाठी चांगली आहे; पण प्रत्येक जण आपले काम ‘हवेच’मध्ये बसवू पाहतो आणि गाडी तिथेच अडते.

समजा, इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाला नाटकांच्या तिकिटांसाठी ॲप हवे आहे. अध्यक्षांना पहिल्या पानावर जुन्या प्रयोगांचे फोटो हवेत, खजिनदारांना ऑनलाइन पैसे आणि हिशेब, सभासदांना घरबसल्या आपली खुर्ची. इथे प्रॉडक्ट ओनर, म्हणजे या यादीची जबाबदारी असलेला माणूस, सगळ्यांचे ऐकतो, पण क्रम तो एकटाच ठरवतो. समितीने मतदान करून लावलेली यादी सहसा कोणाच्याच कामाची राहत नाही. सभासदांची नावे रजिस्टरमधून आत आल्याशिवाय आरक्षण चालणारच नाही, म्हणून ते काम सर्वांत वर. ‘जागा आरक्षण’ एका स्प्रिंटमध्ये मावणार नाही; त्याचे तुकडे होतात: रिकाम्या खुर्च्या दिसणे, खुर्ची निवडणे, आरक्षण झाल्याचा मेसेज येणे. दोघांनी एकाच क्षणी एकच खुर्ची दाबली तर काय, ही तपासणीही वरच हवी, कारण ते जमले नाही तर प्रयोगाच्या दिवशी दारातच भांडण होईल. पैसे पहिल्या हंगामात खिडकीवर घेता येतात, म्हणून ऑनलाइन पेमेंट खाली जाते. फोटो त्याहून खाली.

मोठ्या टीम क्रमासाठी हिशेबही मांडतात. डोनाल्ड रायनर्टसेन यांनी पुढे आणलेल्या रीतीत उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीला कामाच्या कालावधीने भागतात. नुकसान ८ आणि कालावधी २ असलेल्या कामाचा भागाकार ४. नुकसान १३ आणि कालावधी ८ असेल तर साधारण १.६. म्हणजे लहान काम आधी, जरी मोठ्याचे महत्त्व अधिक वाटले तरी. मात्र हे आकडे शेवटी अंदाजच असतात. ते कसे आले यावर टीमने केलेली चर्चा आकड्यांपेक्षा उपयोगी पडते.

यादीची निगा राखण्याच्या कामाला रिफाइनमेंट म्हणतात. त्यात वरची कामे बारीक, अंदाज केलेली आणि स्वीकृतीच्या अटींसह तयार करतात. तळाची ढोबळ ठेवतात, कारण ती येईपर्यंत गरजच बदललेली असू शकते. महिनोन्‌महिने तळाशी पडलेली नोंद काढून टाकावी. २०२० च्या गाइडने बॅकलॉगला प्रॉडक्ट गोलची, म्हणजे उत्पादनाने पुढे काय गाठायचे त्या ध्येयाची, जोड दिली, त्यामुळे काय काढायचे हे ठरवणे सोपे झाले.

इंदूरमध्ये परदेशीपुऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्सपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत सॉफ्टवेअरची कामे चालतात आणि त्यांत मराठी घरांतली मुले-मुलीही आहेत. ग्राहक परदेशात असला की इथल्या कोणालातरी प्रॉक्सी ओनर नेमण्याची पद्धत आहे. तो निरोप पोचवतो, पण दोन कामांतले आधी कोणते, हे ठरवण्याची मुभा त्याला नसते. टीम प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इंदुरात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. अशा टीमने निदान रिफाइनमेंटच्या कॉलला खऱ्या ओनरला बसवावे आणि वरच्या कामांचा क्रम त्याच्याकडूनच पक्का करून घ्यावा. तसे न केल्यास स्प्रिंटच्या अधेमधे ‘हे आधी करा’ असे मेल येत राहतात.